सरड्याची धाव... उत्तरेकडे?

उनाडकी (९ नोव्हेंबर)

जिओकॅशिंग (जीपीएसवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ) करणारे कोणी आहेत का इथे? असाल तर सल्ला हवाय. नसाल तर निदान गाऱ्हाणं ऐकून घ्या.

माझ्याकडे बोटाएवढा हिरवा रबरी सरडा होता. ऑफिसात मॉनिटरच्या डोक्यावर सहा वर्षं बसून होता. मागच्या वर्षी मी नोकरी सोडली तेव्हा म्हटलं, यालाही मोकळं करू. ट्रॅव्हल बगचा (टीबीचा) बिल्ला मागवला, कडीने त्याच्या शेपटीला अडकवला आणि नाव ठेवलं ‘उन्हाळू’. सोबत एक लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं: ‘मला थंडी सोसत नाही. जिथे ऊब असेल तिथे मला घेऊन चला.’ खेळाच्या संकेतस्थळावर त्याचं पान उघडून ध्येय सविस्तर लिहिलं, की याला कर्कवृत्त ओलांडायचंय. मी राहते ६० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. हिवाळ्यात इथे सूर्य हजेरी लावून पळ काढतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरात सोडला. आजवरची प्रगती अशी. पहिले दोन महिने चाळीस किलोमीटरच्या परिघात तीन डबे, म्हणजे कॅश. मग बर्फ पडलं आणि महाराज एप्रिलपर्यंत एका झाडाच्या ढोलीत गाडले गेले. मे महिन्यात एका सायकलस्वाराने उचलला आणि लागोपाठ एकतीस डब्यांत ‘दर्शन’ देऊन आणला. जूनमध्ये कोणीतरी गाडीतून थेट ४७ अंशांवर नेलं. मी घरात नाचले! तीन आठवड्यांनी, सुट्टी संपवून परत निघालेल्या एकाने त्याला तिथून उचललं आणि आपल्या गावी नेलं. त्याचं गाव ६३ अंशांवर.

म्हणजे एकूण प्रवास ५,२०० किलोमीटर. सरळ खाली गेला असता तर कर्कवृत्त ४,०५० किलोमीटरवर होतं, ओलांडून वर हजारभर किलोमीटर उरले असते. प्रत्यक्षात निघाला त्यापेक्षा ३३३ किलोमीटर वर जाऊन बसलाय. आणि जुलैपासून त्याच माणसाकडे आहे. चार महिने टीबी अडकलाय, ना नोंद ना फोटो.

त्या माणसाला निरोप पाठवावा का? की ‘हरवला’ अशी खूण करून, माझ्याकडे बिल्ल्याची दुसरी प्रत आहे ती नव्या सरड्याला लावून पुन्हा सोडावं? आणि मुळात असं ध्येयबिय देण्यात काही अर्थ असतो का?

शेवटचा_बाक

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.

एवढं लिहायला पासवर्ड आठवून लॉगिन केलंय.

गोगलगाय

‘चार महिने टीबी अडकलाय’ वाचून दचकलो, म्हटलं डॉक्टरांना विचारा, इथे काय विचारताय! वर हा टीबी कॅशमध्ये ठेवला होता म्हणे. कॅश सोडून सरडा नेणारा चोर मी तरी पहिल्यांदाच ऐकतोय. कोणीतरी नीट समजावा.

रातकिडा

‘उन्हाळू’ नाव ठेवताना उन्हाळी लागण्याचा विचार केला नव्हता वाटतं ;) दिवे घ्या.

होकायंत्र

@गोगलगाय, सांगतो. इथे कॅश म्हणजे पैसे नाहीत, लपवलेला डबा. म्हणून आम्ही मराठीत सरळ डबाच म्हणतो.

२ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या संकेतात मुद्दाम घातलेली गडबड बंद केली आणि सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्राची अचूकता एका रात्रीत जवळपास दहापट सुधारली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले: शोधा! आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा असं काहीबाही होतं. नियम एकच, काही घेतलंत तर काही ठेवा. त्याच वर्षी सप्टेंबरात संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा जगात असे ७५ डबे होते. तो बीन्सचा डबा पुढे पुन्हा सापडला आणि आज तोच ट्रॅकेबल म्हणून संमेलनांतून मिरवतो.

ट्रॅकेबल म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरणारी वस्तू. ट्रॅव्हल बग हा त्यातला एक प्रकार: पत्र्याचा बिल्ला, त्यावर कोरलेला गुप्त क्रमांक, आणि त्याला अडकवलेलं काहीही. तुम्ही तो डब्यातून काढता, क्रमांक टाकून नोंद करता, पुढच्या डब्यात ठेवता. अंतर डब्यापासून डब्यापर्यंत सरळ रेषेत मोजलं जातं. तो तुमचा होत नाही. तुम्ही फक्त हमाल. बदल्यात काही ठेवायचंही कारण नसतं.

@उनाडकी, निरोप जरूर पाठवा. दोन आठवड्यांत पुढे सरकवावा, उशीर होणार असेल तर मालकाला कळवावं, असा शिष्टाचार आहे. चार महिने म्हणजे जरा जास्तच.

खडूस_काका

शिष्टाचार आहे, कायदा नाही. दोन्हींत फरक असतो.

ताई, स्पष्ट बोलतो. ध्येय कोणी वाचत नाही. आजकाल लोक फोनवर डबा शोधतात, ट्रॅकेबलचं पान उघडतंय कोण? तुम्ही एक खेळणं अनोळखी लोकांच्या हवाली केलंत आणि आता ते मनासारखं वागत नाहीत म्हणून रुसलात. पतंग कापला गेल्यावर मांजा गुंडाळत बसायचं नसतं. मी आजवर अकरा सोडले. आज दोन जिवंत आहेत. बाकीच्यांचं काय झालं ते ते जाणोत.

उनाडकी

काका, रुसले नाही हो. पण पान नाही वाचलं तरी कार्ड तर शेपटीलाच होतं ना? ते वाचून माणूस उत्तरेला कसा जातो?

खडूस_काका

आपल्या घरी जातो म्हणून जातो. सरड्यासाठी कोण घर बदलणार?

टिवल्याबावल्या

हा प्रतिसाद लिहायला दोन दिवस धीर गोळा करत होते. मी ‘तो माणूस’ आहे. म्हणजे उनाडकीचा नाही, दुसऱ्या कोणाचा तरी.

तीन वर्षांपूर्वी एका डब्यात छोटा लाकडी हत्ती मिळाला, बिल्ला लावलेला. त्याला समुद्र बघायचा होता. पुढच्याच महिन्यात मी समुद्राकडे जाणार होते, म्हणून हौसेने उचलला. बेत रद्द झाला. हत्ती रेनकोटच्या खिशात राहिला. दोन महिन्यांनी मालकाचा निरोप आला, ‘कसा आहे आमचा हत्ती?’ अगदी गोड निरोप. मी ठरवलं, आधी हत्ती डब्यात ठेवते आणि मगच उत्तर देते, म्हणजे उत्तराला काही अर्थ असेल. ते राहून गेलं. सहा महिन्यांनी उत्तर द्यायची लाज वाटायला लागली. वर्षाने त्या खात्यात लॉगिन करायचीसुद्धा लाज वाटायला लागली. खरं सांगते, लाकडी हत्तीपायी मी दीड वर्ष एकही डबा शोधला नाही.

शेवटी तो रेनकोट फाटला. टाकून देताना खिशात हत्ती लागला. त्याच संध्याकाळी बस पकडून समुद्राकाठच्या डब्यात ठेवून आले आणि मालकाला तीन ओळी लिहिल्या. तासाभरात उत्तर: ‘अरे वा, पोचला की!’ बाकी एक शब्द नाही.

म्हणून सांगते, निरोप पाठव, पण त्यात ‘चार महिने’ लिहू नकोस. समोरच्याला ते पाठ असतात.

फिरस्ती

+१ टिवल्याबावल्या. रेनकोटाच्या खिशाला अनुमोदन, माझ्या गाडीच्या कप्प्यात दोघे आहेत. उद्या बघते.

अक्षांश

उनाडकी, तुमच्या आकड्यांत काहीच विचित्र नाही. उलट अगदी शिस्तीत चाललाय सरडा.

१९९८ पासून एक संकेतस्थळ आहे, त्यावर लोक अमेरिकन डॉलरच्या नोटांचे क्रमांक नोंदवतात आणि नोट कुठून कुठे गेली ते बघतात. २००६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डर्क ब्रॉकमन आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी घेऊन ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत निबंध लिहिला. चार लाखांहून जास्त नोटा. निष्कर्ष ढोबळ भाषेत असा: बहुतेक उड्या आखूड, अधूनमधून एखादी भलतीच लांब, आणि दोन उड्यांच्या मध्ये कधीकधी फार मोठा मुक्काम. तुमच्या सरड्याचं वेळापत्रक काढून बघा. चाळीस किलोमीटरमध्ये तीन डबे, पाच महिने ढोलीत, मग एका दमात १३ अंश, म्हणजे नुसत्या अक्षांशाचे चौदाशेचाळीसएक किलोमीटर.

यातली मेख अशी की लांब उडी कुठल्या दिशेला पडेल ते खेळण्याच्या हातात नाही, ती माणसांच्या सुट्ट्यांवर ठरते. आणि सुट्टीवर गेलेला माणूस परत येतो. नोटेला तुम्ही कार्ड लावलं नव्हतं, सरड्याला लावलंत. कार्डाने फरक पडतो का, हा खरा प्रश्न. माझा अंदाज, थोडा पडतो. पण एक थेंब शाई तळ्यात टाकून ‘तिकडे जा’ म्हणण्यापेक्षा फार जास्त नाही.

जाता जाता: त्या सायकलस्वाराच्या एकतीस दर्शनांनी किती किलोमीटर वाढवले? ५,२०० चा आकडा त्याने फुगलाय. एकूण अंतर आणि विस्थापन यांची गल्लत करू नका.

शेवटचा_बाक

आठवीत भौतिकशास्त्रात हेच आलं होतं, तेव्हाही मी शेवटच्या बाकावरच होतो.

रानवारा

थोडं अवांतर, पण सरड्याची बदनामी सहन होत नाही. सरडे उत्तरेत राहतात! उत्तर युरोप-आशियात एक छोटा तपकिरी सरडा आहे, शास्त्रीय नाव झूटोका विविपारा. तो आर्क्टिक वृत्ताच्याही वर सापडतो. जमिनीवर राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांत एवढ्या उत्तरेला दुसरं कोणी पोचत नाही. तिथली माती अंडी उबवण्याइतकी तापत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी मादी अंडी पोटातच वाढवते आणि पिल्लांना जन्म देते. ऊन निघालं की स्वतः उन्हात पडून राहते, म्हणजे पोटातली पिल्लंही शेकली जातात. हिवाळा जमिनीखाली झोपून काढते.

तर तुमचा उन्हाळू पाच महिने ढोलीत होता, त्यात रडण्यासारखं काही नाही. त्याने हिवाळी झोप काढली.

गोगलगाय

ही पाल नाही का? सरडा म्हणजे मानेवर काटे आणि रंग बदलणारा ना?

रानवारा

आपण मराठीत भिंतीवरच्याला पाल म्हणतो आणि बाहेरच्याला सरडा, तेवढ्या दोन खणांत जगातल्या हजारो जाती कोंबाव्या लागतात. हा पालही नाही आणि तुमच्या डोळ्यांसमोरचा रंग बदलणारा सरडाही नाही, वेगळ्याच कुळातला आहे. पण भिंतीवर राहत नाही, म्हणून सरडा.

रातकिडा

उनाडकी, रबरी आहे तो. भिंतीवर चिकटतो का? चिकटत असेल तर पाल.

उनाडकी

सहा वर्षं मॉनिटरला चिकटून होता. आता काय म्हणू त्याला!

होकायंत्र

पाल-सरडा वादातून मूळ मुद्द्यावर येऊ. ध्येय लिहिताना ‘ऊब’ आणि ‘दक्षिण’ यांची सरमिसळ झालीये. कर्कवृत्त ओलांडणं हे अक्षांशाचं ध्येय आहे, उबेचं नाही. किलिमांजारो विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंशांवर आहे, पण ५,८९५ मीटर उंच, आणि माथ्यावर अजून बर्फ आहे. एखाद्या उत्साही गिर्यारोहकाने सरडा तिथे नेला तर तुमचं ध्येय पूर्ण आणि सरडा गारठलेला. किंवा कोणी जुलैमध्ये थेट ४० अंश दक्षिणेला नेऊन ठेवला, तर तिथे ऐन हिवाळा. कार्डावर म्हटलंय ऊब, पानावर म्हटलंय कर्कवृत्त. लोक कार्ड वाचतात.

खडूस_काका

लोक काहीच वाचत नाहीत.

फिरस्ती

काका, तुम्ही वाचताय की सगळा धागा :)

मी आठ वर्षं हेच करतेय, त्यामुळे अनुभवाचे बोल. माझी लाकडी मासोळी तीन वर्षांत विषुववृत्तापलीकडे गेली. त्यात नशीब बरंच, पण थोडी युक्तीही.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. थंड प्रदेशातून खेळणं सप्टेंबरात सोडणं म्हणजे पोस्ट बंद व्हायच्या वेळेला पत्र टाकणं. लोक हिवाळ्यात दक्षिणेला जातात हे खरं, पण जाण्याआधी बर्फ उकरून डबा शोधत नाहीत. त्यामुळे उत्तरेत ठेवायचंच झालं तर अशा डब्यात, जो बर्फातही हाताला लागतो: पुलाखालचा, कठड्यामागचा, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा. ट्रॅव्हल बगसाठी मुद्दाम ठेवलेले मोठे डबे असतात, त्यांना बग हॉटेल म्हणतात. असं एखादं प्रवाशांच्या वाटेवर असेल तर सोन्याहून पिवळं. पण त्यातही फसवणूक असते. काही हॉटेलवाले पाटी लावतात, ‘एक ठेवाल तरच एक न्या’. तिथे बग कैदी होतो. अशी अट घालता येत नाही, तुम्ही बिनधास्त उचला.

दुसरं, आकार. बोटाएवढा आहे ते उत्तम. मोठं खेळणं बऱ्याच डब्यांत मावतच नाही, मग बिचारं महिनोन्महिने कोणाच्या तरी घरी मोठ्या डब्याची वाट बघतं. कापडी तर मुळीच नको. डब्यात पाणी शिरतंच, आणि बुरशी आलेलं मऊ अस्वल कोणी खिशात घालत नाही.

तिसरं. बिल्ल्याच्या दोन प्रती येतात, बरेच जण मूळ खेळणं घरी ठेवून झेरॉक्सच फिरवतात. मला ते पटत नाही, पण हरवल्यावर दुसरी प्रत सोडायला काहीच हरकत नाही. फक्त आधी पहिला खरंच हरवलाय याची खात्री करा. नाहीतर एकाच क्रमांकाचे दोन सरडे दोन खंडांत फिरतील आणि अंतराचा आकडा वेड लागल्यासारखा पळेल.

रातकिडा

अरे पण तेच तर हवंय! ५,२०० चे रातोरात ५२,०००.

गोगलगाय

एवढं सगळं करण्यापेक्षा सरड्याच्या पोटात ट्रॅकर का नाही बसवत? लोक चाव्यांना लावतात तसा. रोज कळेल कुठे आहे.

टिवल्याबावल्या

मग माझा रेनकोट घरात कुठल्या खुंटीवर आहे तेही त्या मालकाला कळलं असतं. नको गं बाई! म्हणजे, नको रे बाबा!

उनाडकी

@गोगलगाय, करता येईल, पण मजा जाईल. नोंद येते तेव्हा ‘सरडा इथे आहे’ एवढंच कळत नाही, ‘कोणीतरी त्याला हातात घेतलं’ हेही कळतं. सायकलस्वाराने एकतीस वेळा हँडलवर बसवून फोटो काढले होते. एकात पाऊस पडतोय आणि सरड्याच्या डोक्यावर बाटलीचं झाकण.

हो, आणि झेरॉक्सवरून आठवलं. सुरुवातीला उत्साहात मी बिल्ल्याचा फोटो क्रमांकासकट टाकला होता. दोन दिवसांत ‘बघितला’ अशा चाळीस नोंदी, सगळ्या बघितल्याच नाहीत अशा लोकांच्या! फोटो काढून टाकला, नोंदी पुसत बसले.

खडूस_काका

आता माझ्या दुखऱ्या नसेवर पाय पडला. हे लोक क्रमांकांच्या याद्या एकमेकांना वाटतात. घरी खुर्चीत बसून एका संध्याकाळी दोनशे ट्रॅकेबल ‘बघतात’. कशासाठी? आकड्यासाठी. खेळ सुरू झाला तेव्हा चिखलात हात घालावा लागायचा. डब्यातल्या वहीत पेन्सिलीने नाव लिहायला लागायचं, आणि पेन्सिलीचं टोक नेमकं तुटलेलं असायचं. आता बोट हलवलं की झालं. त्या चार महिने सरडा धरून ठेवणाऱ्याचा मला या लोकांइतका राग येत नाही. त्याने निदान तो डब्यातून काढला तरी.

रातकिडा

काका, शांत व्हा. एक अपवाद सांगतो, बघा राग येतो का. नासाच्या पर्सिव्हरन्स या मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरवरच्या एका उपकरणाच्या मापन-फलकावर ट्रॅकेबलचा क्रमांक कोरलाय. १८ फेब्रुवारी २०२१ ला तो मंगळावर उतरला. रोव्हरने पाठवलेल्या फोटोंत क्रमांक वाचायचा आणि खुर्चीत बसून ‘बघितला’ अशी नोंद करायची. चिखलात हात घालायची सोयच नाही.

त्याआधी २००८ मध्ये अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ट्रॅव्हल बग नेला होता, तिथे डबाही नोंदवला. २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मास्त्राचिओ दुसरा घेऊन गेले.

खडूस_काका

मंगळाला माफ.

शेवटचा_बाक

मंगळावर सरासरी उणे ६० च्या आसपास असतं. उन्हाळूला कळवू नका, नाहीतर कोणीतरी हौसेने नेईल.

अक्षांश

खेळणी आपण होऊन उत्तरेला जातात याला जुना दाखला आहे. जानेवारी १९९२ मध्ये वादळात एका मालवाहू जहाजावरून कंटेनर पॅसिफिकमध्ये पडले आणि २८,८०० प्लास्टिकची खेळणी पाण्यात सुटली: पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. त्याच नोव्हेंबरात पहिली अलास्कात सिटकाजवळ किनाऱ्याला लागली. कर्टिस एब्समायर हे समुद्रशास्त्रज्ञ पुढे अनेक वर्षं किनाऱ्यांवर फिरणाऱ्या लोकांकडून नोंदी गोळा करून त्यावरून प्रवाहांचा अभ्यास करत राहिले. पॅसिफिकच्या मधोमध सुटलेली अंघोळीची बदकं अलास्कात! त्यांना विचारलं असतं तर तीही ‘ऊब’च म्हणाली असती.

आणि योगायोग बघा, २००१ मध्ये नोंदला गेलेला पहिला ट्रॅव्हल बगही खेळण्यातलं बदकच होतं.

उनाडकी (१६ नोव्हेंबर)

मंडळी!! उत्तर आलं.

टिवल्याबावल्याने सांगितलं तसं ‘चार महिने’ न लिहिता दोन ओळी पाठवल्या होत्या: ‘उन्हाळू तुमच्याकडे आहे ना? कसा आहे?’ काल रात्री उत्तर आलं, फोटोसकट. भाषांतर माझं:

‘नमस्कार. तो मजेत आहे. कार्डावर लिहिलं होतं की त्याला थंडी सोसत नाही, ऊब असेल तिथे न्या. आम्ही या वर्षी कुठेच जाणार नव्हतो. आमच्या माहितीतली सगळ्यात उबदार जागा म्हणजे आमचा सौना (घाम काढायची तापवलेली खोली). तिथे वरच्या फळीवर ऐंशीच्या पुढे तापतं, तेवढं रबराला झेपेल का ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला खालच्या फळीवर खिडकीपाशी ठेवलंय. दर शनिवारी आमच्यासोबत असतो. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण सौनात डबा नसल्यामुळे नोंद कशी करायची ते समजलं नाही.’

फोटोत उन्हाळू लाकडी फळीवर पालथा पडलाय, खाली घडी केलेला छोटा टॉवेल.

मी अर्धा तास हसत होते. मग थोडं रडूही आलं, का ते विचारू नका.

टिवल्याबावल्या

टॉवेल!!

होकायंत्र

मी म्हटलं होतं, लोक कार्ड वाचतात.

खडूस_काका

वाचतात. शब्द मागे.

रानवारा

पालथा पडून पोट शेकतोय. अगदी खऱ्या सरड्यासारखा. त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

गोगलगाय

मग आता ध्येय पूर्ण झालं का? कार्डाप्रमाणे झालं, पानाप्रमाणे नाही.

अक्षांश

तापमानाने ओलांडलं, अक्षांशाने नाही. नोंद मात्र ६३ अंशांचीच राहील.

फिरस्ती

माझं मत विचाराल तर तिथेच राहू दे हिवाळाभर. उगाच आत्ता बाहेर काढला तर पुन्हा ढोली आहेच. त्यांच्या ओळखीतलं कोणी दक्षिणेला जाणारं असेल तर हातोहात पाठवा, ते सगळ्यात खात्रीचं.

उनाडकी (२ फेब्रुवारी)

धागा वर काढतेय, सांगायचं राहिलं होतं. फिरस्तीचा सल्ला त्यांना कळवला होता. त्यांची एक सहकारी जानेवारीत उन्हासाठी सुट्टीवर निघाली होती, तिच्या पर्समधून उन्हाळू गेला. काल तिने एका डब्यात ठेवला: २८ अंश उत्तर! फोटोत दगडावर बसलाय, मागे समुद्र. कर्कवृत्त आता फक्त ५०० किलोमीटर. तिने नोंदीत लिहिलंय, ‘निघताना सौनाची खूप आठवण काढत होता.’

टिवल्याबावल्या

मस्त! आता एकच उडी बाकी.

होकायंत्र

अभिनंदन. आता पानावर ध्येय ठळक करा, ‘फक्त दक्षिणेकडे’ असं.

खडूस_काका

मानलं, ताई. बारावा सोडावा म्हणतोय मी.

फिरस्ती

काका, बिल्ला घेण्याआधी रेनकोट तपासा आधीचे.

उनाडकी (११ फेब्रुवारी)

आज सकाळी नोंद आली. त्या डब्यातून कोणीतरी उचललाय. लिहिलंय: ‘काय गोड सरडा! पुढच्या आठवड्यात सगळे मिळून स्कीइंगला चाललोय, यालाही बर्फ दाखवतो.’

शेवटचा_बाक

कुंपण.